ग्रंथसेवा आणि पानामागचा दर

काका,

(प्रुफं तपासण्याचा दर आणि कामाचे तास यांवरच्या माझ्या लेखाखाली दिलेल्या प्रतिक्रियेत तुम्ही मला ‘बेटा’ म्हणालात, म्हणून काकाच म्हणते.) तुमचं म्हणणं असं की सयाजीरावांच्या बडोद्यात ग्रंथसेवा घड्याळ लावून झाली नाही, तुमच्या वडिलांच्या छापखान्यात कंपॉझिटर रात्र-रात्र अक्षरांचे खिळे जुळवायचे, कुणी कुरकुरलं नाही. मी तर घरी बसून प्रुफं तपासते, मला कसले कामाचे तास?

कंपॉझिटर जागायचे, मान्य. पण वीज आणि दहा कामगार असलेला छापखाना 1948 च्या कारखाने कायद्यात आला : आठवड्याला 48 तास, त्यापुढे दुप्पट मजुरी. कुरकुर झालीच नसती तर कायदा कशाला आला असता? मला पानामागे पैसे मिळतात. दुपारी वाचा नाहीतर रात्री दोनला, दर तोच.

आणि दोन का वाजतात? कारण समारंभाची तारीख आधी ठरते. हॉल बुक, पाहुणे पक्के, पत्रिका व्हॉट्सॲपवर. मग लेखकाचा उशीर, मुखपृष्ठाचा उशीर, सगळा येऊन साचतो प्रुफांवर. परवा शेवटच्या प्रुफात एका लेखकांना आजोळच्या वाड्याबद्दल आणखी दीड पान सुचलं. त्यानं पुढची पानं सरकली, सूचीतले पृष्ठांक चुकले आणि सोळा पानी फॉर्म (एका कागदावर एकत्र छापायची सोळा पानं) भरून तीन ओळी बाहेर लोंबायला लागल्या. मग कुठं विशेषण काढ, कुठं परिच्छेद जोड, प्रत्येक वेळी लेखकांना फोन. सूची पुन्हा केल्याचे पैसे? “ते पानांतच धरलेत ना, ताई!”

सयाजीरावांचं नाव काढलंत ते बरं झालं. ग्रंथालयं उभारायला 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनना आणलं, ते पगारावर. ग्रंथप्रेमावर भागवा, असं महाराज त्यांना म्हणाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

राहिलं तुमचं ‘जमत नसेल तर सोड’. न्यूयॉर्कला हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेचे अडीचशेच्या आसपास कर्मचारी नोव्हेंबर 2022 मध्ये संपावर गेले आणि फेब्रुवारीत किमान पगार वाढवून घेऊनच कामावर परतले. त्यांच्यामागे युनियन होती. आम्ही प्रुफवाल्या एकेकट्या, कुणी बडोद्यात, कुणी पुण्यात. एकमेकींचे दरही ठाऊक नसतात. म्हणून तर लेखात मी माझा दर उघड लिहिला, शेवटच्या प्रुफानंतरच्या बदलांना वेगळे पैसे मागितले आणि रविवारी काम बंद म्हटलं. त्यात ग्रंथांचा अपमान कुठं झाला?

वडिलांच्या छापखान्याची हजेरीवही जपली असेल तर कळवा. ओव्हरटाइमचा रकाना बघायला येईन.