फिरती डिजिटल बस आणि ‘फोटोपुरता उपक्रम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संगणक आणि इंटरनेट घेऊन गावोगावी जाणाऱ्या फिरत्या डिजिटल शिक्षण बसबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बस येते, फीत कापली जाते, मुलांना संगणकापुढे बसवून फोटो निघतात आणि बस निघून जाते. दोन तासांत कुणी काही शिकत नाही. शिवाय आता हातोहाती स्मार्टफोन असताना चाकांवरची संगणक खोली कशाला? हाच पैसा इंटरनेटची केबल टाकायला वापरला तर कायमची सोय होईल. आणि वीस जणांत एक जोडणी वाटून घेतल्यावर इंटरनेट चालणार तरी कसं?

आधी फोटोंचं. एकदाच येऊन जाणारी बस कुचकामी असते, यावर माझं तुमच्याशी दुमत नाही. म्हणून बस बघताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते: पुढच्या फेरीची तारीख दारावर लावलेली आहे का. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उभी राहणारी जुनी खडखडती बस वर्षातून एकदा येणाऱ्या चकचकीत बसपेक्षा कितीतरी जास्त शिकवते. पहिल्या खेपेला माउस धरायची भीती जाते, ईमेलचं खातं उघडतं, बस्स. खरा अभ्यास दुसऱ्या खेपेला सुरू होतो, कारण तोवर निम्म्या लोकांचे पासवर्ड विसरलेले असतात आणि विसरलेला पासवर्ड स्वतः परत मिळवता येणं ही त्या दिवसाची मोठी कमाई असते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणसं घरून प्रश्न घेऊन यायला लागतात. तेव्हा दोन तासांचा हिशेब करताना ते दोन तास किती वेळा मिळणार, हे विचारायला हवं. वेळापत्रक नसलेल्या बसचं समर्थन मीही करणार नाही.

आता स्मार्टफोन. इथे मात्र मला तुमच्याशी नीट वाद घालायचा आहे, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने नुकसान होतं.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २६० कोटी लोक इंटरनेट वापरत नाहीत. त्याच अहवालात असंही आहे की मोबाइल ब्रॉडबँडचं जाळं जगाच्या जवळपास ९६ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचलं आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जाळ्याबाहेर राहिलेले लोक तीसेक कोटी भरतात. उरलेले दोनशे कोटींहून जास्त लोक सिग्नल असलेल्या जागी राहतात आणि तरीही इंटरनेटपासून दूर आहेत. उपकरण परवडत नाही, वाचता येत नाही, फसवलं जाण्याची धास्ती वाटते, घरातून परवानगी नाही, किंवा हे आपल्या कामाचं आहे असं कुणी कधी दाखवलेलंच नाही. यातल्या एकाही कारणावर मोबाइलचा मनोरा हा उपाय नाही.

आणि ‘हातोहाती’ म्हणताना तो हात कुणाचा, हेही बघावं लागतं. भारताच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची ‘असर २०२३’ ही पाहणी घ्या. जवळपास नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येत होता, त्यांच्यातल्या ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, आणि मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. घरात एकच फोन असला की तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात जातो. ज्या नंबरवर ओटीपी येणार तो फोन दुसऱ्या गावी असतो आणि इथे अर्ज अर्धवट राहतो. बसमधल्या प्रशिक्षकांना विचारा, त्यांचा कितीतरी वेळ अशाच गुंत्यात जातो: खातं कुणाच्या नंबराला जोडलेलं आहे, तो बदलता येईल का, त्यासाठी काय लागेल. हे शिकवणारं कुठलंही ॲप नाही. शेजारी बसून, न रागावता, पुन्हा पुन्हा सांगणारं माणूसच लागतं.

फोनवर व्हिडिओ बघता येतात, निरोप पाठवता येतात. पण नोकरीचा अर्ज लिहायचा, कागदपत्रं ठरलेल्या आकाराची करून जोडायची, तक्त्यात हिशेब मांडायचा, चार पानांचा मजकूर टंकायचा म्हटलं की मोठा पडदा आणि कीबोर्ड हवा. ज्यांनी फक्त फोनच पाहिलेला आहे, अशा मुलांना कीबोर्डवर स्वतःचं नाव शोधत बसावं लागतं. पुढे नोकरीच्या जागी तेच त्यांच्या आड येतं, आणि हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

नुसतं यंत्र देऊन भागत नाही याचा पुरावा तुमच्या बाजूने मीच देते. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष आला की गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच सुधारणा दिसली नाही. त्यातल्या बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं. बसचे टीकाकार हे उदाहरण नेहमी देतात. मला मात्र त्यातून बसच्या मांडणीबद्दल शिकायला मिळतं: वीस संगणक आणि एकच चालक अशी बस म्हणजे पेरूचीच पुनरावृत्ती. त्याच बसमध्ये दोन चांगले प्रशिक्षक आणि बाराच संगणक असतील तर मी ती निवडेन.

केबलचा मुद्दा. केबल टाकलीच पाहिजे. बस तिची जागा घेऊ शकत नाही. पण केबल इमारतीपर्यंत येते, आणि त्या इमारतीत पाऊल न टाकणारी माणसं तशीच राहतात. हा पेच फार जुना आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनच्या ग्रंथपाल मेरी टिटकम यांनी आधी आसपासच्या दुकानांत आणि टपाल कचेऱ्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. तरी दूरच्या शेतघरांपर्यंत पुस्तकं पोचेनात, तेव्हा १९०५ मध्ये त्यांनी पुस्तकांची घोडागाडी काढली. ग्रंथालय बंद केलं नाही, पेट्याही उचलल्या नाहीत. १९१० मध्ये त्या गाडीला मालगाडीची धडक बसली, गाडी मोडली, आणि पुढची मोटारगाडी यायला १९१२ उजाडलं. मधल्या काळात त्या शेतघरांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला आजच्या बसबाबतही पडतो.

कारण पैशांबाबत तुम्ही न मांडलेला एक धोका मला जास्त मोठा वाटतो. बस विकत घ्यायला देणगीदार मिळतात, बाजूला नाव रंगवता येतं. इंधन, विमा, टायर, प्रशिक्षकांचे पगार यांवर कुणाचं नाव रंगवता येत नाही, म्हणून ते पैसे आटतात आणि बस आवारात उभी राहते. सरकारी पैशाचाही भरवसा नसतो. कॅलिफोर्नियातल्या कोचेला व्हॅलीच्या शाळांनी आपल्या बसवर राउटर आणि सौर पॅनेल बसवले आणि रात्री त्या वस्त्यांजवळ उभ्या केल्या, मुलांना गृहपाठ करता यावा म्हणून. पुढे अशा वायफायचा खर्च सरकारी निधीतून द्यायला अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती काढून घेतली. त्यामुळे कुणी मला बसचा प्रस्ताव दाखवला तर मी खरेदीचं पान उलटून पाच वर्षांच्या चालू खर्चाचं पान शोधते.

जोडणीबद्दल तुमची शंका रास्त आहे, पण तिच्यावर उत्तरं आहेत. चांगल्या बसमध्ये दोन-तीन कंपन्यांची सिम चालणारा राउटर आणि छतावर अँटेना असते. जिथे सिग्नलच नाही तिथे उपग्रहाची तबकडी. पूर्वी ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांमुळे प्रत्येक क्लिकला अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त लागायचा. साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमुळे ती अडचण बरीच सुटली आहे. तरीही सगळी भिस्त थेट जोडणीवर ठेवणं चूक. बसमध्ये एक छोटा सर्व्हर ठेवून इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ‘कोलिब्री’ आणि ‘किविक्स’ या प्रणालींपैकी पहिलीवर धडे आणि दुसरीवर अख्खा विकिपीडिया भरून आणता येतो, मग जोडणी लागते फक्त ईमेल, अर्ज आणि शोधण्यासाठी. आणि लॅपटॉपचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवायचे, नाहीतर वीस यंत्रं मिळून सगळी जोडणी गिळतात. कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतात तर मोटारसायकली शाळाशाळांतून वायफायवर ईमेल गोळा करायच्या आणि गावातल्या उपग्रह केंद्रावर नेऊन सोडायच्या. तेवढ्यावरही शाळांचा बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहार चालला.

विजेचं गणित त्या मानाने सोपं आहे. वीस लॅपटॉप, प्रत्येकी ५० वॉट, चार तास: चार युनिट. छतावरच्या दोन किलोवॉट पॅनेलवर लख्ख उन्हात ते निघतात. वातानुकूलन जोडलं की जनरेटर लागतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, बस गेल्यावर मागे काय उरतं. उरावं असं मला वाटतं ते हे: प्रत्येक थांब्यावर दोन-तीन जणी किंवा जण असे तयार व्हावेत, की दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत शेजारी त्यांच्याकडे अडचण घेऊन जातील. बसने त्यांना जास्तीचा वेळ द्यावा, सर्व्हरची एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी आणि या कामाचे पैसेही द्यावेत. फुकटच्या सेवेवर हे टिकत नाही.

तुम्ही पाहिलेली बस ज्यांनी पाठवली होती, त्यांना पुढच्या फेरीची तारीख लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर तक्रारीचा मसुदा मला पाठवा, त्याखाली सही करायला मी तयार आहे.