दीडपट दाबाला टिकली म्हणून खिडकी पास होत नाही

घरी एक-दोन माणसांची पाणबुडी बांधणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: 'ॲक्रिलिकच्या (काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) खिडकीला ठरलेल्या खोलीच्या दीडपट दाब दहा मिनिटं द्या. फुटली नाही तर आयुष्यभराची काळजी मिटली. शीट कुठलीही चालते, कडेने बोल्ट घट्ट आवळले की झालं.' यातलं एकही वाक्य धड नाही.

'फुटली नाही म्हणजे पास.' आकडेच मांडू. टेकूचा व्यास 300 मिमी, सपाट तबकडी 30 मिमी जाड, खोली 100 मीटर, म्हणजे दाब सुमारे 1 मेगापास्कल. खिडकीवरचा भार झाला सात टन. कडेला नुसत्या टेकलेल्या तबकडीत सगळ्यात जास्त ताण आतल्या पृष्ठावर मधोमध येतो: 1.26 × दाब × (त्रिज्या ÷ जाडी)चा वर्ग. इथे 31.5 मेगापास्कल, दीडपट दाबाला 47. कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) ॲक्रिलिकची थोड्या वेळापुरती ताणशक्ती 70च्या आसपास असते, त्यामुळे दहा मिनिटं ही तबकडी आरामात काढते. पण भार तासन्‌तास आणि पुन्हापुन्हा येणार असेल, तर ताण 10च्या आत ठेवतात. त्यासाठी जाडी हवी 55 मिमी. उलट 47चा ताण देऊन तुम्हीच बारीक भेगांची सुरुवात करून ठेवलेली असू शकते.

'दहा मिनिटं पुरे.' ॲक्रिलिक भाराखाली हळूहळू वाकत राहतं. माणसं बसणाऱ्या दाबपात्रांच्या पीव्हीएचओ-1 या मानकात दाब किमान 1 तास धरायला सांगितलाय, 4 तासांहून जास्त मात्र नाही. चाचणीचा साचा खिडकी जिथे बसते त्या खऱ्या बैठकीसारखाच करा, वरून धरणारी तीच रिंग, पाणी अडवणारं तेच गॅस्केट. दाब पाण्याचा, हातपंपाने, आतली हवा पूर्ण काढून. दाबलेली हवा वापरलीत तर फुटल्यावर तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. कोरड्या बाजूने मध्यावर डायल गेज (खिडकी किती वाकली ते सुईने दाखवणारं मोजमाप) लावा, 5, 15, 30 आणि 60 मिनिटांचं रीडिंग घ्या, आणि खिडकीसमोर कोणी उभं राहू नका. शेवटच्या अर्ध्या तासातही सुई त्याच वेगाने सरकत असेल तर दाब उतरवा. दाब काढल्यावर दुसऱ्या दिवशी सुई शून्यावर आली का ते बघा. मग टॉर्च तिरपा धरून आतलं पृष्ठ तपासा: केसासारख्या चकाकत्या रेषा दिसल्या की ती खिडकी बाद.

'आयुष्यभर.' त्याच मानकात सपाट तबकडीचं आयुष्य 10 वर्षं धरलंय.

'शीट कुठलीही.' कास्टच घ्या, एक्स्ट्रुडेड (वितळवून फटीतून दाबून काढलेली) नको. लेथवर कापताना कडा तापते आणि तिथे ताण अडकून बसतो. म्हणून शेवटच्या पॉलिशनंतर 80–85 अंशांवर ॲनीलिंग करा (तापवून अडकलेला ताण मोकळा करा) आणि ताशी 5–8 अंशांनीच थंड होऊ द्या. घाईने भट्टीचं दार उघडलंत की सगळी मेहनत पाण्यात. ताण गेला का ते बघायला खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकेक पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेने गाळणारी फिल्म), एकमेकांना काटकोनात धरा: रंगीत पट्टे दिसले तर ताण आहे. कापून उरलेल्या, त्याच भट्टीतून काढलेल्या तुकड्याच्या कडेला अल्कोहोलचा बोळा लावा. काही मिनिटांत जाळी उमटली तर ॲनीलिंग फसलंय. हा प्रयोग खिडकीवर मात्र करायचा नाही.

'बोल्ट आवळा.' ॲक्रिलिक पोलादाच्या जवळजवळ सहापट प्रसरण पावतं. 300 मिमीच्या तबकडीला 30 अंशांच्या फरकाने बैठकीपेक्षा अर्धा मिमी जास्त जागा लागते. तेवढी फट ठेवा, ॲक्रिलिकला भोकं पाडू नका. रिंगचं काम गॅस्केट जागेवर धरण्यापुरतं. खोलीवर गेल्यावर पाणीच खिडकी बैठकीत दाबतं. बोल्टला लावलेला थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) ओघळून ॲक्रिलिकला लागला तर तिथूनच तडे सुरू होतात. ॲसिटोन आणि अमोनियावाला काचेचा क्लीनरही तेच करतात, तेव्हा पुसायला साधा साबण आणि पाणी.