पाठदुखीवर गादी कशी निवडावी (पाठीला न विचारता)

सकाळी उठल्याबरोबर पाठ धरली की दोष गादीचा, हे आधी ठरवून टाका. दिवसभर आपण खुर्चीत प्रश्नचिन्हासारखे बसतो हे खरं, पण ती खुर्ची ऑफिसची. तिच्याविरुद्ध बोलायचं तर अर्ज करावा लागतो. गादी बिचारी घरची, उलटून बोलत नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही उपचारपद्धती जुनी आहे आणि सोयीचीही.

खरेदीला निघण्याआधी चुकूनही जुनी गादी तपासू नका. या कडेपासून त्या कडेपर्यंत एक दोरी ताणून धरली, तर मधे किती खड्डा पडलाय ते उघड दिसतं. मग गादी उचलून खालचा पलंग पाहण्याचा मोह होतो. तिथे मधलीच फळी वाकलेली निघाली तर? सुताराच्या अर्ध्या तासाच्या कामात सगळं प्रकरण मिटेल आणि नव्या गादीचं स्वप्न भंगेल. काही चिकट लोक तर तीच गादी जमिनीवर टाकून दोन-चार रात्री झोपून बघतात. तेवढ्यावर पाठ हलकी झाली, तर गुन्हेगार पलंग निघतो, तोही फुकटात. अशा लोकांच्या नादी लागू नका.

आता कडकपणा. पाठीला कडकच हवं, हे सांगणारे एक काका प्रत्येकाच्या ओळखीत असतात. ते स्वतः फळीवर झोपतात. त्यांची पाठ कशी आहे, हे मात्र त्यांना विचारायचं नसतं. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता. कंबरदुखीने जुने त्रासलेले 313 लोक घेतले, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, आणि कोणाला कुठली ते सांगितलं नाही. 90 दिवसांनी मध्यमवाल्यांचं दुखणं कडकवाल्यांपेक्षा कमी झालेलं होतं. पण एका बाजूला 313 पाठी आणि दुसऱ्या बाजूला आपले काका, तर वजन कोणाच्या शब्दाला द्यायचं हे सांगायला नकोच.

त्यातून ‘मध्यम’ म्हटलं की भानगडी वाढतात. भारी माणसाला जी मध्यम वाटते, तीच गादी हडकुळ्याला दगड वाटते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर थोडी आत रुतली नाही, तर कणा सरळ राहत नाही. उताणं झोपणाऱ्याची कंबर अधांतरी राहून चालत नाही. एवढा विचार करायचा म्हणजे आपण कसे झोपतो ते माहीत हवं, आणि झोपेत आपण काय करतो याची चौकशी घरातल्या माणसांकडे करणं धोक्याचं असतं.

तेव्हा सरळ ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलेली गादी उचला. तो शब्द छापून घेण्यासाठी गादीला कुठली वैद्यकीय परीक्षा द्यावी लागत नाही, पण कणा काढलेलं निळं चित्र शेजारी असलं की मनाला बरं वाटतं. मनाला बरं वाटलं की पाठ येईलच मागून.

दुकानात सेल्समन फोमचा कापलेला तुकडा पुढे करील. पाच रंगांचे पाच थर. त्यातला वरचा बोटभर थर मेमरी फोमचा, ज्याच्या नावावर आख्खी गादी विकली जाते; खालचे चार रंग साध्या फोमचेच असू शकतात. तुम्ही त्यावर तळवा दाबा. पंजाचा ठसा उमटतो, आणि हळूहळू, अंगठ्याकडून करंगळीकडे भरून येतो. इथे भलेभले विरघळतात. ‘नासाचं तंत्रज्ञान’ असं सेल्समन म्हणतो ते खोटं नाही. 1966 मध्ये नासाच्या कामातूनच तो फोम जन्मला, फक्त विमानातल्या आसनांसाठी. थंडीत तो घट्ट होतो, ही गोष्ट ठसा पाहताना आठवू नये.

घनता विचारू नका. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. गादी किती वर्षं तग धरेल याचा अंदाज त्यावरून येतो. दाबून कळतो तो कडकपणा, ती गोष्ट वेगळी. हलका, स्वस्त फोमही कडक बनवता येतो. तो पहिल्या दिवशी झकास वाटतो आणि पुढे त्याच्यात तुमच्या आकाराची खाच पडते. पण हा आकडा विचारलात की सेल्समन आत साहेबांकडे जातो आणि चहाची वेळ झाल्याशिवाय परत येत नाही. त्यापेक्षा जाडी विचारा. जाडी सगळ्यांना सांगता येते.

मग झोपून बघा. बूट न काढता, पाय कडेबाहेर लोंबकळत, हात छातीवर, डोळे छताकडे. दोन मिनिटं पुरेत. आपल्या नेहमीच्या कुशीवर वळून, नेहमीच्या जाडीची उशी घेऊन पंधरा मिनिटं पडायला लोक लाजतात, तेव्हा तुम्हीही लाजा.

परवडण्याचा प्रश्न तर राहिलेलाच नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणणाऱ्यांच्या काळी हप्त्यांची सोय नव्हती. मूळ किंमत खोडून निम्मी लिहिलेली असेल, तर उरलेली निम्मी आपण कमावलीच असं धरायचं. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये आणि उताणं झोपताना गुडघ्यांखाली घरातलीच एक उशी ठेवून पाहिली तर पुष्कळांना आराम पडतो, पण त्याला ना वॉरंटी, ना घरपोच सेवा.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर गादीचं दुकान सोडा आणि तडक डॉक्टर गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तरीही तेच. बरं, आता पुन्हा खरेदीकडे.

वॉरंटीचा कागद वाचू नका, वाचलात तर झोप उडेल. त्यात गादी किती खोल खचली म्हणजे ‘खचली’ ते छापलेलं असतं, आणि बहुधा तुमचा खड्डा त्याहून जरा उथळच भरतो. गादीवर डाग पडला तर तेवढंही विसरायचं. परत करण्याची मुदत दिली असेल तर पहिल्या सकाळीच निकाल लावा. अंगाला नवी गादी सवयीची व्हायला काही आठवडे लागतात, पण तोवर कोण थांबतं? आणि खोकं तर आदल्या रात्रीच फेकून द्यायचं असतं. तसंही गुंडाळी करून आलेली गादी एकदा फुगली की परत त्या खोक्यात जात नाही.

राहता राहिली जुनी गादी. ती टाकू नका. पाहुण्यांसाठी ठेवा. पूर्वी आठवडाभर मुक्काम ठोकणारे लोक दुसऱ्याच दिवशी सकाळी पाठ धरून गाडीची वेळ विचारतात.