रोजचे तेरा थेंब

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा मिनिटांत उरकलं. खरं प्रकरण सुरू झालं ते सिस्टरने पिशवीतून तीन बाटल्या काढल्यावर.

"काका, ही दुधासारखी दिसते ना, ती सहा वेळा. पुढच्या आठवड्यात पाच, मग चार, असं कमी करत न्यायचं. ही दुसरी चार वेळा. ही तीन वेळा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि दुधी बाटली हलवून घ्यायची हं!"

मी मान हलवली. बायकोने लिहून घेतलं. सहा, चार आणि तीन मिळून तेरा.

दुधी औषध स्टिरॉइडचं. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत सूज येते, ती आटोक्यात राहावी म्हणून. एकदम बंद केलं तर सूज पुन्हा डोकं वर काढते, फार दिवस ओढलं तर डोळ्याचा दाब चढू शकतो; म्हणून ही उतरती भांजणी. हे सगळं मला पटलं होतं. माझ्या डोळ्याला पटलं नव्हतं.

मी दिवाणावर उताणा. वर बाटली. तिच्या टोकाशी थेंब फुगतोय, लोंबतोय...

"अहो, उघडा ना!"

"उघडाच आहे."

"मग हे काय गालावर ओघळलं?"

पहिल्या दिवशीचे थेंब गाल, मिशी आणि उजवा कान यांना जवळपास सारखे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी बायकोला युक्ती सापडली: खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा आणि त्यात थेंब सोडायचा, बाटलीचं टोक कुठेही लागू न देता. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबून ठेवायचा. नाही दाबला तर औषध नाकातून घशात उतरतं आणि वरचा चहा कडू लागतो. चहाबद्दल मी दोन दिवस तिलाच बोल लावत होतो. असो.

1949 साली लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. युद्धात विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळे त्यांवर फारसे चिडले नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. वैमानिकाचा डोळा विमान पचवतो आणि माझा बाटली लांबून दिसली तरी मिटतो!

लोक डोळ्यात तेल घालून पहारा करतात, बायकोने माझ्या डोळ्यात औषध घालून केला. नातवाने तिच्या मोबाइलवर गजर लावून दिले, प्रत्येक बाटलीला वेगळी धून. दुधी औषधाला सनई होती. सनई वाजली की शेजारच्या वहिनी गॅलरीतून विचारायच्या, "कितवा?"

दिवसातून इतक्या वेळा छताकडे बघत पडल्यावर, तेही नव्या लेन्समधून, मला आमचा पंखा प्रथमच नीट दिसला. पात्यांच्या कडेला काजळी मिसळलेल्या धुळीचा बोटभर थर. न राहवून मी ते बोलून बसलो.

"दिसलं ना एकदाचं?" बायको बाटली हलवत म्हणाली. "सहा आठवडे झाले की स्टूल घ्या."

तेवढ्यासाठी मी दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन आलो आहे.