पाहुण्याला उद्या तिथे राहायचं नसतं

‘एक जुना श्रोता’ यांस,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, मग निमूटपणे पुस्तकांचं कपाट उघडावं लागलं. पंचाहत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. चालत नसेल तर सांगा.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयाच्या मोठ्या सभागृहात बाहेरून येऊन वाजवून गेलेल्या पियानोवादकांवर मी लेख लिहिला होता. १९५७ चा ग्लेन गूल्ड, १९५८ चा व्हॅन क्लायबर्न आणि १९८६ चे होरोविट्झ. काकांचं म्हणणं असं, की हे सगळं भारावून लिहिलंय, त्यात तपशिलाच्या चुका आहेत आणि मुळात पाहुणा कलाकार विद्यालयातल्या मुलांना काहीच देत नाही. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देते: ‘पाहुणा जेवून हात धुऊन जातो, भांडी घरच्यांनी घासायची असतात.’ वाक्य फक्कड आहे. मला सुचायला हवं होतं.

आधी चुका. तुम्ही तीन दाखवल्यात, त्यातल्या अडीच मान्य.

गूल्डचा ७ मे १९५७ चा पहिला कार्यक्रम मी ‘चायकोव्हस्की सभागृहात’ असं लिहिलं. तो झाला कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात. चायकोव्हस्की सभागृह ही वेगळी इमारत, तिथे त्याने नंतर वाजवलं. कॉन्झर्व्हेटरीलाच चायकोव्हस्कीचं नाव असल्यामुळे माझी गल्लत झाली.

दुसरी चूक मोठी आहे. ‘मॉस्कोत तोवर बाख कुणी मनावर घेतला नव्हता’ हे वाक्य मी कुठल्या तंद्रीत लिहिलं कोण जाणे. बाख म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन रचनाकार. पियानोवादक तात्याना निकोलायेवा १९५० मध्ये लाइपझिगची बाख स्पर्धा जिंकून आली होती, आणि तिचं वाजवणं ऐकून रशियन रचनाकार शोस्ताकोविचने आपले चोवीस प्रील्यूड आणि फ्यूग लिहिले. (फ्यूग म्हणजे एकच धून अनेक आवाजांत एकमेकांमागून येते अशी रचना.) सॅम्युएल फाइनबर्ग त्याच कॉन्झर्व्हेटरीत शिकवत होते आणि बाख त्यांच्या हाडीमाशी मुरलेला होता. पियानोवादक मारिया युदिना होती. म्हणजे गूल्ड बाख घेऊन वाळवंटात आला, हे चित्र खोटं. तो बाखच्या घरीच आला होता, फक्त त्याचं वाजवणं त्या घरच्या वळणाचं नव्हतं. स्वर लांबवणारं पेडल जवळजवळ नाही, स्वर एकमेकांना न चिकटता सुटे सुटे, आणि चारही आवाज चार माणसं बोलत असावीत तसे वेगळे. जे बाख ओळखत होते त्यांनाच हा फरक कळला. वाळवंटात तो कुणाला कळला असता?

उरली तिसरी. क्लायबर्न पाहुणा नव्हता, स्पर्धक होता, असं तुम्ही म्हणता. खरं आहे, तो पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेला आला होता. तरी अर्धा मुद्दा माझ्याकडे ठेवते. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या गुरू रोझिना लेव्हीन १८९८ मध्ये याच मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या होत्या. साठ वर्षांनी त्यांचा शिष्य त्याच संस्थेत येऊन वाजवतो, तर त्याला नुसता परका स्पर्धक म्हणवत नाही. माहेरचा नातू आहे तो.

आता गूल्डच्या पहिल्या कार्यक्रमाची ती टेलिफोनची गोष्ट. पूर्वार्धात सभागृह अर्धंमुर्धं रिकामं, मध्यंतरात लोकांनी धावत जाऊन मित्रांना फोन केले आणि उत्तरार्धात पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही हिला ‘फोडणीची कथा’ म्हणता. फोडणी आहेच. पण फोन बाजूला ठेवले तरी खालची डाळ उरते. सतराशेहून जास्त खुर्च्यांचं सभागृह, कॅनडाहून आलेला चोवीस वर्षांचा अनोळखी मुलगा, आणि पूर्वार्धात काय, तर बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधले तुकडे आणि सहावी पार्तिता, म्हणजे नृत्यरचनांची एक माळ. आठवड्याच्या मधल्या दिवशी कोण येणार? त्यानंतरच्या कार्यक्रमांना मात्र तिकीट मिळेना. मधल्या काळात तोंडोतोंडी काहीतरी झालं असणार एवढं उघड आहे.

आता तुमचा खरा मुद्दा. मुलं घडतात ती रोज समोर बसणाऱ्या गुरूमुळे, वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यामुळे नव्हे. यावर माझं तुमच्याशी भांडणच नाही. हाइनरिख नॉयहाउस यांच्या वर्गातून रिख्टर आणि गिलेल्ससारखे थोर पियानोवादक बाहेर पडले, ते काही कुणा पाहुण्याचं वाजवणं ऐकून नव्हे.

घरचाच दाखला देते. मी पियानो शिकायला लागले तिशीनंतर, तेही भाड्याच्या कीबोर्डवर. आमच्या वर्गात एकदा एक युरोपियन वादक येऊन वाजवून गेला. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी मनगट असं हळूच उचलायचा, पाण्यातून हात काढावा तसं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे मनगटं उचलायला लागलो. सूर चुकतायत, ताल हलतोय, पण मनगटं मात्र हवेत! सर आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, ‘आता हात खाली आणा.’ म्हणजे तुमच्या बाजूचा पुरावा मीच तुमच्या हाती देतेय.

पण १२ मे १९५७ चं काय करायचं? माझ्या लेखात त्यावर जेमतेम दोन ओळी होत्या आणि लेखाची खरी चूक ती आहे. तुम्ही ती दाखवली नाहीत, मीच कबूल करते.

त्या दिवशी गूल्ड कॉन्झर्व्हेटरीतल्या विद्यार्थ्यांसमोर बोलला आणि वाजवलं. मध्ये दुभाषी. त्याने निवडलं काय, तर आल्बान बेर्गचा सोनाटा, वेबर्नची ओपस २७ ची व्हेरिएशन्स आणि क्रेनेकच्या तिसऱ्या सोनाटाचा भाग. ‘सा’ नावाचं घरच मोडून टाकणारं, पुढे बाराही स्वरांना सारखा मान देणारं हे व्हिएन्नाचं संगीत. काही वयस्कर प्राध्यापक उठून गेले. सभागृहातून बाखची मागणी झाली, तेव्हा त्याने बाखही वाजवला. पण उठून गेलेल्यांना मी पूर्वी हसले होते तशी आता हसत नाही. त्या उठण्यामागे फक्त कानाची नावड नव्हती.

नऊच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह अशांवर ‘रूपवादी’, म्हणजे लोकांना कळण्यापेक्षा रचनेच्या कसरतीत रमणारे, म्हणून शिक्का मारला होता. त्याच वर्षी शोस्ताकोविचची मॉस्को आणि लेनिनग्राद या दोन्ही कॉन्झर्व्हेटरींमधली शिकवण्याची नोकरी गेली. ज्या खोल्यांमधून असा माणूस काढला गेला, तिथला प्राध्यापक वेबर्न ऐकत शांत बसला, तर ते बसणंही कुणीतरी वहीत टिपणार. युदिनाचंच बघा. ती नवं संगीत हट्टाने वाजवायची, १९५१ पर्यंत मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवत होती, आणि १९६० मध्ये मॉस्कोतल्याच ग्नेसिन संगीत संस्थेतूनही तिला काढण्यात आलं. तिची धार्मिक श्रद्धा आणि तिचं हे संगीत, दोन्ही नडलं.

काका, आता तुमच्या भांड्यांकडे येऊ. पाहुणा हात धुऊन जातो हे खरं, पण तो जाणार असतो म्हणूनच त्याला बोलता येतं. मे संपायच्या आत गूल्ड बर्लिनला पोचून वाद्यवृंद-संचालक कारायानबरोबर बेथोव्हन वाजवत होता. त्याला ना नोकरी जायची भीती, ना खोली. घरच्या माणसाला जे ठाऊक असूनही चारचौघांत बोलता येत नाही, ते पाहुणा बोलून जातो आणि सामान बांधतो. मागे राहणाऱ्यांना ते ऐकल्याचं नाकारता येत नाही. आणि तिथे बीज नव्हतंच असंही नाही. आंद्रेई व्होल्कोन्स्की नावाचा तरुण रचनाकार बारा स्वरांच्या वाटेवर चालायला लागलाच होता. त्याचं ‘म्युझिका स्ट्रिक्टा’ १९६१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं कुणी, तर युदिनानेच. गूल्डने रशियाला नवं संगीत शिकवलं असं मी आता म्हणणार नाही. पण जे कोपऱ्यात दबक्या आवाजात चाललं होतं ते त्याने कॉन्झर्व्हेटरीतल्या विद्यार्थ्यांसमोर, दिवसाढवळ्या, मोठ्याने वाजवलं.

होरोविट्झांबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘ते सगळं राजकारण, आणि स्वतःचा पियानो विमानाने घेऊन येणारा माणूस यजमानाचा अपमान करतो.’ राजकारण होतंच. २० एप्रिल १९८६ ची बहुतेक तिकिटं अधिकाऱ्यांच्या आणि वकिलातींच्या हाती गेली, सामान्यांसाठी थोडीच उरली. विद्यार्थी पोलिसांचं कडं मोडून आत घुसले. दोन दिवस आधीच्या सरावाला मात्र कॉन्झर्व्हेटरीच्या मुलांना आत घेतलं होतं आणि मला विचाराल तर खरी मैफल ती. देश सोडल्यावर एकसष्ट वर्षांनी परतलेले ब्याऐंशी वर्षांचे होरोविट्झ, आणि पुढ्यात वयाच्या विशीतली मुलं.

पियानोच्या बाबतीत मात्र अपमान कसला? आपल्याकडे तबलजी यजमानाच्या तबल्यावर वाजवतो का? गवई स्वतःचे तंबोरे जुळवून आणतो, त्याला आपण शिस्त म्हणतो. होरोविट्झांच्या पट्ट्या अगदी हलक्या हाताला बोलतील अशा लावलेल्या असत. दुसऱ्या पियानोवर तो हात दुसराच झाला असता. गूल्डची ती बुटकी खुर्चीही त्यातलीच, वडिलांनी पाय कापून दिलेली, जमिनीपासून चौदा इंच. तिच्यावरून लोक आजही टिंगल करतात. करोत.

शेवटी तुम्ही घराण्याचा दाखला दिलात: ‘आपल्याकडे एक गुरू, एक घर, म्हणून गाणं टिकलं.’ इथे मी अडून बसणार आहे. भास्करबुवा बखले फैजमहंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. पुण्यात १९११ मध्ये भारत गायन समाज काढला तोही त्यांनीच. त्यांच्या गाण्याला कुणी बेघर म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. जाता जाता एक योगायोग: मॉस्कोचं ते मोठं सभागृह एप्रिल १९०१ मध्ये उघडलं, आणि त्याच वर्षी ५ मे रोजी विष्णु दिगंबरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. यातून काही सिद्ध होत नाही, पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.

मूळ लेखात दुरुस्त्या केल्यात. बाखचं ते वाक्य काढून तिथे निकोलायेवा, फाइनबर्ग आणि युदिना आले, आणि १२ मे आता दोन ओळींवरून दोन परिच्छेदांवर गेला. त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण निघालेलं आहे, गूल्डचं बोलणंही त्यात आहे. वेबर्न तुम्हाला आवडणार नाही. माझ्याही अजून पुरता गळ्याखाली उतरलेला नाही. तरी एकदा ऐका आणि कुठे उठून जावंसं वाटलं तेवढं मला कळवा.