सोमवारी ती सुई कुठे टोचणार?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. नऊ वर्षांच्या पुतणीला टाईप १ मधुमेह असल्याचे निदान झाले आणि वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकले की शाळेत किंवा पाहुण्यांत याचा उच्चार करायचा नाही. ‘मुलीची जात, उद्या लग्नाला अडचण नको’ असे काकांचे म्हणणे, तर ‘एवढ्याशा पोरीला काय सांगायचे, ताकदीची इंजेक्शने आहेत म्हणावे’ असे आत्याचे. भरीस भर म्हणून कुणीतरी गुऱ्हाळावरच्या गुळाला आणि लाडाने दिलेल्या पेढ्यांना दोषी धरले.

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहतो आणि माझ्या मुलालाही हाच आजार आहे. या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गुळाचा यात काडीचाही संबंध नाही. पण हे मुलीला कुणी सांगितलेच नाही, तर आपण गोड खाल्ले म्हणून ही शिक्षा मिळाली असे ती स्वतःच ठरवील, आणि ते ओझे कोणत्याही इंजेक्शनने उतरत नाही.

इथे मुलगा शाळेत परतण्यापूर्वी केअर प्लॅन, म्हणजे शाळेत त्याची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा, तयार झाला, नर्सने येऊन शिक्षकांना शिकवले, वर्गालाही सांगितले. साखर मोजून मोबाईलवर कळवणारा दंडावरचा सेन्सर तो आता हौसेने दाखवतो. क्लिनिकमधल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मी शाळेतून आलो की आई आधी मोबाईलवर माझी साखर बघते, मग मला.” सुईचे त्याने नावही काढले नाही.

‘तुमच्याकडे कायदे असतात,’ असे दादाने लिहिले. असतात, इंग्लंडमध्ये अशा मुलांना आधार देणे 2014 च्या कायद्याने शाळांवर बंधनकारक आहे. पण भारतातही राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना लिहिले आहे की डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधले खाणे खाऊ द्यावे. सवलत मागायची तर आजार सांगावा लागतो, आणि साखर एकाएकी उतरून मुलगी थरथरू लागली, चिडचिड करू लागली, तर ज्या बाईंना काही माहीतच नाही त्या तिला गप्प बसायला सांगतील.

‘तिकडे बसून बोलणे सोपे आहे, भाऊजी,’ हे वहिनींचे वाक्य मात्र मला लागले, कारण ते निम्मे खरे आहे. आमच्या मोकळेपणाला फारशी हिंमत लागली नाही. इथे ज्याच्यापासून लपवावे असे आमचे आहे तरी कोण? मुलगा रुग्णालयात होता तेव्हा आम्ही दोघे आळीपाळीने जागलो आणि यंत्रातले सँडविच खाल्ले; कोल्हापुरात राजारामपुरीपासून डबे आले असते, आणि डब्यांबरोबर लग्नाची चिंताही आली असती. पुढच्या सुट्टीत भावकीच्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत, मी मुलाला शर्ट वर करून इन्सुलिन घ्यायला सांगेन का, याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही.

तरीही मी काकांना लिहिले, की लग्नाचे पुढे पाहू. पोरगी सोमवारी शाळेत जाणार आहे, आणि दुपारच्या डब्याआधीची सुई तिने बाकावर बसून टोचायची की शौचालयाची कडी लावून, एवढेच या ग्रुपवर ठरते आहे.