वाळू मारली की ट्रॅक्टर नवा होत नाही

सध्या एक सल्ला मोबाइलवरून फिरतोय: जुना ट्रॅक्टर आहे तसा उभा करा, नदीची वाळू कॉम्प्रेसरच्या दाबाने मारा (म्हणजे सँडब्लास्टिंग), तोंडाला रुमाल बांधा, संध्याकाळपर्यंत लोखंड चकाचक, खर्चही कमी.

'आहे तसा उभा करा' इथेच घात आहे. मॅसी १०३५ हा ट्रॅक्टर घ्या. त्याचा अवजारं उचलणारा हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेला असतो. वर गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, ब्रीदर (हवा जायचं भोक) उघडा, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) सैल. चिंध्या कोंबा, टेप गुंडाळा, कॉम्प्रेसरच्या दाबाची बारीक वाळू वाट काढतेच. अशाच एका रंगवलेल्या ट्रॅक्टरचं टॉप कव्हर, म्हणजे गिअरबॉक्सवरचं झाकण, मी उघडलं होतं. तळाच्या तेलात बोट फिरवलं तर रांगोळीसारखं करकरलं. असं तेल गिअर, बेअरिंग आणि पंप घासतच राहतं. शिवाय तेल अडवणाऱ्या रबरी ऑइल सीलच्या ओठांवर वाळूचा मारा बसला की गळती सुरू. वाचलेले पैसे तिथेच जातात.

बॉनेट, मडगार्डचं म्हणाल तर 'पत्रा तापून वाकतो' असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. प्रत्येक कण म्हणजे छोटा हातोडा. मार बसलेली बाजू ताणली जाते आणि सपाट पत्रा पापडासारखा फुगतो. मग डेंटिंगवाल्याचे पाय धरा.

रुमालाबद्दल तर बोलायलाच नको. वाळूतली सिलिका फुटून जी धूळ होते, तिचे घातक कण ५ मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक. रुमालातून आरामात फुफ्फुसात. त्यातून होणारा फुफ्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी वाळू १९४९ च्या नियमांनीच बंद केली. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही हा आजार सरकारला कळवण्याच्या यादीत होता. जुन्या रंगात शिसं असेल तर तेही त्याच धुळीत.

आणि ते चकाचक लोखंड? कोकणातल्या दमट हवेत रात्रीतून तांबूस. प्रायमर त्याच दिवशी, घामट हात न लावता मारावा लागतो.

ब्लास्टिंग वाईट नाही. रिम, ड्रॉबार (मागे ट्रॉली जोडायचा दांडा), सुटे केलेले जाड भाग बंद कॅबिनेटमध्ये गार्नेट (एक कठीण खनिज) किंवा स्टील ग्रिटने (पोलादी कणांनी) जरूर करून घ्या. बाकीच्याला खरवडणी, पेंट रिमूव्हर, वायर ब्रश. आठवडे जातात, जाऊ द्या. फक्त चासी नंबरावर काहीच मारू नका. ते आकडे एकदा बोथट झाले की आरटीओत पेन्सिलीचा ठसा उमटत नाही.